फळ्यावरचा आकडा

आमच्या गावच्या उन्हावर लोक पैजा लावतात हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. ते हसणं आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो. बाकीच्यांचा राग तर येतोच, पण सुरुवात माझ्यापासून केलेली बरी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वाटूर फाट्यापासून जवळच आमचं गाव, रस्त्याला लागूनच शाळा. माहेर जालन्याचं. वडील सरकारी कचेरीत होते, घरात शेती कुणी पाहिलेली नव्हती. लग्न करून या गावात आले आणि शेतकऱ्याच्या घरची झाले. माझे यजमान परतूरला नोकरी करतात. धाकटे दीर शेती बघतात आणि फाट्यावर त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. एकच अंगण, दोन घरं, दोन चुली. माझ्या मुलांना सायकल या दिरांनीच शिकवली. आमच्या सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा त्यांचं सगळं काही त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून माणूस वाईट होता असं कुणाला वाटेल. तो वाईट नव्हता. म्हणूनच मला जास्त संताप येतो.

शाळेच्या मैदानात एक पांढरी लाकडी पेटी आहे, चार उंच पायांवर उभी. तिच्या बाजूंना तिरक्या पट्ट्या आहेत, त्यातून वारा आत जातो, ऊन जात नाही. एका बियाणं कंपनीनं जवळचा चाचणीचा प्लॉट बंद केला तेव्हा भंगारात चाललेली ही पेटी मी मागून घेतली होती. आत दोन तापमापी. त्यातल्या एकाचा पारा दिवसभरात जितका वर चढतो तिथंच थांबून राहतो. संध्याकाळी वाचायचा, वहीत लिहायचा आणि झटकून खाली आणायचा. मुलांना नोंद ठेवायची सवय लागावी एवढाच हेतू होता. मग मुलांनीच हट्ट धरला म्हणून फाटकाजवळच्या छोट्या फळ्यावर मी तो आकडा खडूनं लिहायला लागले. रविवार असो, मे महिन्याची सुट्टी असो, संध्याकाळी जाऊन पारा वाचायचाच. घर चार पावलांवर, त्यामुळे जड जात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता. येणारे-जाणारे गाडी हळू करून फळा वाचायचे.

पैजा सुरू झाल्या त्या वर्षी होळीच्या आसपास दीर अंगणात खाटेवर बसून फोन बघत होते. मला बोलावून म्हणाले, "वहिनी, हे बघा. तुमचाच विषय हाय."

फोनवर एक प्रश्न होता. यंदाचा उन्हाळा देशातले आजवरचे सगळे विक्रम मोडणार का? खाली दोन चौकोन, एक हिरवा, एक लाल. होय आणि नाही.

"ह्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"होय वाटलं तर होय घ्यायचं, न्हाई वाटलं तर न्हाई. ऊन वाढलं की होयचा भाव वाढतो. मधीच विकून बी टाकता येतं. मी होय घेतलं."

"कशावरून?"

"तुमच्याच वहीवरून की. मागच्या साताठ वर्षांचे आकडे बघितले, तुम्ही घरी ठेवल्यात त्या वह्या. दर साली चढूनच राह्यलं."

आणि मी हसले. माझ्या वह्या कुणीतरी इतक्या मन लावून वाचल्या याचं मला कौतुक वाटलं! शाळेत इतकी वर्षं घसा कोरडा केला, पण वहीतल्या नोंदी बघून अनुमान काढणारा एकही विद्यार्थी मिळाला नव्हता. दिरांनी ते काढलं होतं. अनुमान बरोबर होतं. त्याचं करायचं काय, एवढंच चुकलं होतं.

देशाच्या उन्हाळ्याचा निकाल लागायला देशाचा उन्हाळा संपावा लागतो. तेवढा दम फाट्यावरच्या हॉटेलात बसणाऱ्यांना कुठला? दिरांनी तिथं फोन दाखवला आणि आठ दिवसांत रोजच्या आकड्यावर पैजा सुरू झाल्या. आज बेचाळीसच्या वर की खाली? त्रेचाळीस गाठणार की अर्ध्यावर थांबणार? टीव्हीवर जालन्याचा, परभणीचा आकडा यायचा, पण त्यावर यांचा विश्वास नव्हता. "ते तिकडचं ऊन," असं म्हणायचे. आपल्या उन्हाचा आकडा आपल्या फळ्यावर. संध्याकाळी मी खडू घेऊन फाटकापाशी गेले की आधीच दोन मोटारसायकली उभ्या असायच्या. मी लिहून हात झटकायच्या आत फळ्याचा फोटो निघालेला असायचा.

पहिले काही दिवस मला कळलंच नाही. वाटलं, लोकांना विज्ञानाची आवड लागली. मग एक दिवस फोटो काढून एकजण जोरात ओरडला, "आलं रे आलं!" आणि दुसऱ्यानं कपाळाला हात लावला. मी त्याला थांबवून विचारलं. तो माझाच जुना विद्यार्थी, आता मिशा आलेला, लेकराचा बाप. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तसं काही न्हाई, टाइमपास."

त्यानंतर फोन सुरू झाले. दुपारी चारलाच कुणीतरी विचारायचं, "मॅडम, अंदाजे किती दिसतंय?" एकानं तर सरळ सुचवलं की बेचाळीस आणि थोडं वर असलं तर त्रेचाळीसच लिहीत जा, लेकरांना वाचायला सोपं पडतं. मी त्याला म्हणाले, "पारा लेकरांच्या सोयीनं चढत नाही." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

आणि एका संध्याकाळी पेटीचं दार उघडं दिसलं. छोटं कुलूप होतं, ते कुणीतरी पिरगाळून काढलं होतं. पारा अशा ठिकाणी चढला होता की तेवढं ऊन पडलं असतं तर गावात एक कोंबडी जिवंत राहिली नसती. पेटीच्या तळाशी ओलं होतं, खाली चहाचा कागदी कप पडलेला. कुणीतरी गरम पाण्यात पारा बुडवला होता. मी कितीतरी वेळ तो कप हातात घेऊन उभी होते. चोरीला गेलं असतं तर एवढं वाटलं नसतं. खोटं करायचं म्हणून एवढी मेहनत, तीही माझ्या मैदानात येऊन!

फळ्यावर मी लिहिलं, "पेटीशी छेडछाड झाल्यामुळे आज नोंद नाही."

दहा मिनिटांत दीर आले. "वहिनी, अंदाजानं तरी लिहा. तिकडं लोक भांडून राह्यले."

"भांडू द्या. अंदाजानं लिहायला मी काय ज्योतिष सांगते?"

"बरं बरं," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवीन, मोठं कुलूप आणून लावलं. मला वाटलं पेटीची काळजी. नंतर लक्षात आलं, आकडा खरा राहण्यातच त्यांचा फायदा होता. खरा आकडाच इतका चढत होता.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाई, सगळी शाळा त्यांना मावशी म्हणते. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते, त्यामुळे साडेनऊपर्यंत त्यांची खिचडी तयार. पत्र्याची खोली, खाली जाळ, वर तापलेला पत्रा. तिथून बाहेर आल्या की पदरानं तोंड पुसत म्हणायच्या, "मॅडम, बाहेर लई गार वाटून राह्यलं." बाहेर सकाळीच पस्तिशी गाठलेलं ऊन असायचं. भांडी घासून त्या मजुरीला जायच्या. त्या एप्रिलमध्ये दिरांच्या वावरात कांदा काढणी चालू होती. आठ-दहा बाया, काम ठरलेल्या रकमेवर उक्तं घेतलेलं. कांदा उपटायचा, विळ्यानं पात कापायची, ढीग लावायचा. वावरात सावली म्हणायला बांधावरचं एक बाभळीचं झाड.

जे घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणात वाळवण गोळा करत होते. दीर ओट्यावर बसून फोनवर बोलत होते. आवाज नेहमीसारखा मोठा. "उद्या रेकॉर्ड तुटलं म्हणून समज. बिलकुल पक्कं. सकाळपासूनच वारा बंद हाय, बघ तू. आजवर आपल्या इकडं पडलं न्हाई असं ऊन उद्या पडतंय. मी होयमधी अजून घातले."

फोन ठेवला आणि पाचच मिनिटांत मावशी आल्या. पायरीखालीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, उद्या आमी चार वाजता बसू का कांद्याला? चार ते अंधार पडेस्तोवर. दुपारी सोसत न्हाई. काल एकीला चक्कर आल्ती."

दीर म्हणाले, "उन्हाचं काय घेऊन बसलात मावशी? दर सालचंच हाय. परवा गाडी भरायची, व्यापारी थांबून राह्यला. डोक्याला ओला फडका बांधा, जल्दी उरकून टाका."

दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आली. मध्ये पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. उद्याचं ऊन सगळ्यात भारी पडणार याची त्या माणसाला एवढी खात्री होती की त्यानं त्यावर पैसे लावले. आणि त्याच उन्हात बायांना बोलावताना ते दरवर्षीचं झालं.

मी दोन्ही ऐकलं. हातात पापडांचं ताट होतं. मी म्हणायला हवं होतं, "भाऊजी, आत्ताच तर तुम्ही फोनवर वेगळं सांगितलंत." मी काही बोलले नाही. त्यांचं वावर, त्यांचा कांदा, घरात वाद कशाला, असं काहीतरी मनात आलं असेल. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मी ताट आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतच पेपर तपासत बसले होते. मुलं गेलेली, पंखा गरम वारा फेकत होता. दोनच्या सुमारास एक बाई धापा टाकत वर्गाच्या दारात आली. तिच्या हातात अजून विळा होता.

"मॅडम, चला जल्दी. मावशीला कायतरी होऊन राह्यलं. कायबी बडबडू लागली."

वावर शाळेच्या मागेच. मी धावत गेले. चपलेखाली ढेकळं फुटत होती आणि त्यांची धग पायांना लागत होती. बायांनी मावशींना बाभळीखाली आणून टाकलं होतं. मी कपाळाला हात लावला. तव्याला लागल्यासारखा हात मागं आला. अंगावर घामाचा टिपूस नव्हता, कातडी कोरडी. डोळे उघडे, पण बघत काहीच नव्हत्या. म्हणत होत्या, "पातेलं उतरा कुणीतरी. पातेलं करपतंय." परत परत तेच.

मी वर्गात दरवर्षी शिकवते की घाम का येतो, तो थांबला की काय होतं. फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्या क्षणी मला फक्त एवढंच सुचलं की पाणी पाहिजे. बायांच्या कॅनमध्ये होतं तेवढं सगळं आम्ही त्यांच्या अंगावर ओतलं. एकीनं स्वतःची ओढणी ओली करून त्यांच्या छातीवर टाकली, दुसरी पाटीनं वारा घालत होती. मी दिरांना फोन केला. "गाडी घेऊन या," एवढंच बोलले. माझा आवाज ऐकून त्यांनी पुढं काही विचारलं नाही. फाट्यावरून ते दहा मिनिटांच्या आत आले. मावशींना बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी स्वतः मावशींना उचललं, मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपवलं, आणि गाडी अशी चालवली की मी डोळे मिटून घेतले.

गावाजवळच्या दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या लावल्या, सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांचा हात झपझप चालला. मला म्हणाल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते." तिथून त्यांना जालन्याला हलवायचं ठरलं. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत आम्ही व्हरांड्यात बसलो. मावशींचा मुलगा सुरतेला कामाला, त्याला फोन लागत नव्हता. सून तान्हं लेकरू घेऊन येऊन बसली होती. दीर भिंतीला टेकून उभे होते. शर्ट भिजलेला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, हॉटेलातला गलका मागं.

"अरे, कुठं हाय तू? आजचा आकडा किती? वहिनी फळ्याकडं आल्याच न्हाईत. सगळे थांबून राह्यले. तूच विचार की त्यांना."

दिरांनी माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"आकडा इथं दवाखान्यात पडलाय," मी म्हणाले. "येऊन बघून जा."

मग कुणीतरी हळूच विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी फोन बंद करून दिरांच्या हातात दिला. ते तिथंच खाली बसले. रडले ते. खरंच रडले. पण मला त्यांची दया आली नाही, हे मी आजही लपवत नाही.

संध्याकाळ उलटून गेल्यावर मी गावात परत आले आणि आधी शाळेत गेले. पेटी उघडली, पारा वाचला, वहीत लिहिला. नोंद चुकवायची नव्हती. त्या दिवसाचा आकडा माझ्या वह्यांमधला सगळ्यात वरचा होता. दिरांचा अंदाज बरोबर निघाला होता. फळ्यावर मात्र मी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फळा काढून स्टाफरूममध्ये कपाटामागं ठेवला.

मुख्याध्यापकांनी विचारलं. सज्जन माणूस, निवृत्तीला आलेला. म्हणाले, "मॅडम, चांगला उपक्रम होता. गावातले लोक विचारून राह्यले, बंद कामून केला?"

"सर, कोण विचारतंय ते तुम्हाला माहीत आहे ना?"

ते चष्मा पुसत राहिले.

मावशी जालन्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होत्या. त्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती, ती हळूहळू सावरली. मी दोनदा बघायला गेले. दिरांनी दवाखान्याचा खर्च केला, सगळा केला, कुणी मागायच्या आधी केला. गावात त्याचं कौतुकही झालं. "मालक असावा तर असा," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. मी त्याला म्हणाले, "मालकानं चार वाजता बोलावलं असतं तर हा खर्च कशाला लागला असता?" त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, "नशिबाचा भाग हाय मॅडम." ऊन कधी पडणार हे आधी ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की त्यावर पैसे लागले होते. त्यात नशीब कुठून आलं?

मावशी घरी येऊन आठवडा झाला असेल. दीर संध्याकाळी जिलबीचा पुडा घेऊन आमच्या घरात आले. टेबलावर ठेवून म्हणाले, "घ्या वहिनी. लेकरांना द्या."

"कशाची?"

ते थोडे घुटमळले. "काही न्हाई. ते फोनवरलं होय विकून टाकलं. भाव लई चढल्ता. आता त्यात पडायचं न्हाई, संपवलं सगळं. म्हणून."

मला वाटतं त्यांना खरंच असं वाटत होतं की ते चांगली बातमी देत आहेत. सोडलं, मोकळं झालो, तोंड गोड करू. मी पुडा उचलून त्यांच्या हातात दिला.

"भाऊजी, भाव कशानं चढला?"

"ऊन वाढलं म्हणून."

"त्या आठवड्यातलंच ना ऊन? मावशी पडल्या तेव्हाचं?"

ते एकदम चिडले. बारा वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "मी ऊन पाडलं का? मी न खेळलो असतो तर पारा खाली आला असता? अख्ख्या देशात लोक खेळून राह्यलेत, एकटा मीच सापडलो तुम्हाला?"

"तुम्ही ऊन पाडलं नाही," मी म्हणाले. "पण त्या ओट्यावर बसून तुम्ही एकाला खरं सांगितलं आणि दुसरीला खोटं. मी अंगणात ताट घेऊन उभी होते. मीही तोंड उघडलं नाही. आपण दोघांनी मिळून तिला त्या वावरात पाठवलं. ही जिलबी मी कशी खाऊ?"

माझे यजमान आतून बाहेर आले, मला म्हणाले, "जाऊ दे आता." मी म्हणाले, "नाही जाऊ देत." ते परत आत गेले. दीर पुडा घेऊन उभे राहिले, मग निघून गेले. तीन महिने आमच्या दोन घरांत कामापुरतं बोलणं होतं. अंगण एकच असताना न बोलणं किती अवघड असतं ते ज्याचं त्याला माहीत. जाऊ वाटीभर कढी घेऊन यायची आणि दारातूनच परत जायची. तिचा काय दोष होता? पण मला तेव्हा सगळ्यांचाच राग येत होता.

मावशींना परत जाळापाशी उभं राहता येईना. खोलीत पाच मिनिटं गेल्या की डोकं गरगरायचं. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. शाळेचं ते काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार असं बोललं जाऊ लागलं, तेव्हा मी आणि मुख्याध्यापकांनी शाळा समितीपुढं हट्ट धरून ते त्यांच्या सुनेला मिळवून दिलं. आणि चुलीच्या खोलीवर पत्र्याऐवजी कौलं टाकून, दोन खिडक्या पाडून घेतल्या. एवढं तर आधीही करता आलं असतं. मी त्या खोलीत रोज जात होते, रोज म्हणत होते, "काय उकडतंय मावशी!" आणि बाहेर पडत होते.

पुढच्या वर्षी कांदा काढणीच्या वेळी बायांनीच ठरवलं. उजाडायला यायचं, दहाला उठायचं, परत चारला बसायचं. मध्ये कितीही घाई असो, वावरात उतरायचं नाही. हे सांगायला त्या आमच्या अंगणात आल्या, सगळ्या मिळून. मावशीही आल्या होत्या, काठी टेकत. दीर म्हणाले, "बराबर हाय." बाकीच्या काही शेतकऱ्यांनी कुरकुर केली, दुसऱ्या गावाहून मजूर आणायची धमकी दिली, एका-दोघांनी आणलेही. सगळीकडं काही ते जमलं नाही. पण आमच्या शिवारात बऱ्याच वावरांत आता दुपारी कुणी दिसत नाही.

हॉटेलात पैजा बंद झाल्या असं कुणी समजू नये. फळा नाही म्हणून ते आता टीव्हीवरच्या आकड्यावर लावतात. मला नमस्कार करतात, मीही करते.

गेल्या मे महिन्यात तीर्थपुरीला नात्यातलं लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, पत्र्याचं मंगल कार्यालय, मोठमोठे कूलर लावलेले. जेवताना माझ्या शेजारी माहेरकडचे एक नातेवाईक बसले होते, शिकलेले, मोठ्या शहरात चांगल्या हुद्द्यावर. गप्पांत उन्हावरच्या पैजांचा विषय निघाला. त्यांना हे सगळं ठाऊक होतं, ते म्हणाले की त्यांच्या ऑफिसातही लोक असं खेळतात. मग समजावणीच्या सुरात सांगायला लागले, "अगं, तू विनाकारण चिडतेस. हजारो लोक पैसे लावतात म्हणजे हजारो लोक विचार करतात. त्यातून अंदाज चांगला निघतो. शेवटी माहितीच आहे ती. विज्ञानाच्या शिक्षिकेला तर हे आवडायला पाहिजे."

वाढपी भात घेऊन आला होता. मी पानावर हात आडवा धरला.

"अंदाज आमच्याकडं चांगलाच होता," मी म्हणाले. "तो ज्यांना सांगायला पाहिजे होता त्यांना कुणी सांगितला नाही. तुमच्या ऑफिसात सांगतात का? तुमच्या इमारतीचं बांधकाम करणाऱ्यांना, बाहेर पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला? उद्या ऊन भयंकर आहे, तू सावलीत बस, असं?"

"तो वेगळा विषय झाला," ते म्हणाले.

"तोच विषय आहे."

आजूबाजूच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. लग्नाच्या पंगतीत आवाज चढवू नये हे मलाही कळतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि ताटावरून उठले. बाहेर मांडवाच्या दाराशी बँडवाले बसले होते, जाड कोटात, गळ्यापर्यंत बटणं लावून, वरातीची वाट बघत. वरात साडेतीनला निघणार होती. मी कार्यालयाच्या मालकाला शोधून काढलं आणि त्याला विचारलं की ही माणसं आत कूलरपाशी का बसू शकत नाहीत. तो म्हणाला, "आत पाव्हण्यांची गर्दी हाय ताई." मी म्हणाले, "मग मी बाहेर बसते, माझी जागा त्यांना द्या." तो वैतागला, पण त्यानं शेवटी मागच्या खोलीचं दार उघडून दिलं आणि पंखा लावला. सहाजण होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं कोटाची बटणं काढली, फरशीवर पाठ टेकली आणि लगेच डोळे मिटले.